तथापि, किंबहुना आणि सबब

लेखनाच्या बाबतीत माझी अडचण विचारांची नाही. विचार मला मुळातच बेताचे येतात, आणि जे येतात ते इतक्या सौम्य प्रकृतीचे असतात की कोणत्याही वाक्यात निमूटपणे जाऊन बसतात. अडचण आहे ती वाक्याच्या पहिल्या शब्दाची. ‘आज पाणी आले नाही’ एवढाच मजकूर कागदावर उतरवायचा असला, तरी त्याच्या आरंभी ‘तथापि’ घालावे की ‘परंतु’, ‘वस्तुतः’ म्हटल्याने त्यास भारदस्तपणा येईल की ‘दुर्दैवाने’ म्हटल्याने वाचणाऱ्यास पाझर फुटेल, आणि ‘किंबहुना’ घातल्यास न आलेले पाणी अधिकच आलेले नाही असा काही सूक्ष्म अर्थ निघेल की काय, या विवंचनेत माझा चहा निवतो, पेनातील शाई वाळते आणि पुष्कळदा पाणीही येऊन जाते. डॉक्टर केतकरांनी तेवीस खंडांचा ज्ञानकोश ज्या चिकाटीने तडीस नेला, त्याच चिकाटीने मी आजवर वाक्यांच्या सुरुवाती शोधीत आलो आहे. फरक इतकाच की त्यांच्या हाती शेवटी ज्ञानकोश लागला.

या व्याधीचा उगम सरकारी नोकरीत आहे. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या कचेरीत मी कारकून म्हणून चिकटलो आणि अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालो. या दोन टोकांच्या दरम्यान माझ्या हातून जे मसुदे, टिपणे, शेरे आणि स्मरणपत्रे बाहेर पडली, त्यांत ‘ज्याअर्थी’ने सुरू न होणारा आणि ‘त्याअर्थी’पाशी येऊन न दमणारा असा एकही महत्त्वाचा कागद नव्हता. ‘ज्याअर्थी’ हा शब्द एकदा लिहिला की सरकारास श्वास घेण्याची गरज उरत नाही; एका ज्याअर्थीमागून दुसरा, दुसऱ्यामागून तिसरा असे ते निघतात, आणि ‘त्याअर्थी’ उगवेपर्यंत अर्जदाराचा मुलगा कर्ता होऊन वारसनोंदीचा अर्ज घेऊन खिडकीशी उभा असतो. एकदा विहीर खोल करण्यासाठी तगाई मागणाऱ्या एका शेतकऱ्याच्या प्रकरणी मी ‘अर्जदाराची विहीर कोरडी आहे. तथापि त्याने सारा भरलेला आहे’ असे टिपण ठेवले. शिरस्तेदारांनी ‘तथापि’ खोडून ‘परंतु’ केले. नायब तहसीलदारांनी ‘परंतु’ खोडून ‘असे असले तरी’ केले. तहसीलदारसाहेबांनी ‘असे असले तरी’ या शब्दांखाली तांबडी रेघ ओढून समासात ‘येथे “तथापि” अधिक योग्य होणार नाही काय?’ असा प्रश्न टाकला आणि कागद ज्या जिन्याने वर चढला होता त्याच जिन्याने खाली आला. मी पुनश्च ‘तथापि’ लिहून ‘आदेशानुसार दुरुस्ती केली’ असा शेरा मारीपर्यंत मृग बरसून गेला होता, विहीर काठोकाठ भरली होती, आणि प्रकरण समाधानकारकरीत्या निकाली निघाले. त्या शेतकऱ्याने पुढे मला वाटेत गाठून पेढे दिले. त्याची समजूत अशी की पाऊस आमच्या कचेरीतून मंजूर झाला.

सेवानिवृत्तीनंतर चिरंजीवांच्या नोकरीपायी आम्ही उभयता मद्रासेस, म्हणजे आताच्या चेन्नईस, टी. नगरात येऊन राहिलो. टी. नगर म्हणजे त्यागराय नगर. जस्टिस पक्षाचे धुरीण सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांचे नाव त्यास दिलेले आहे, आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हे उपनगर वसविले गेले ते मांबलमचा लांबच लांब तलाव आटवून त्याच्या तळावर. आज ज्या ठिकाणी पनगल पार्क, उस्मान रोड आणि रेशमी साड्यांच्या बहुमजली पेढ्या आहेत, त्या ठिकाणी एके काळी पाणी होते. रुळांच्या पलीकडे, पश्चिम मांबलमात, ‘लेक व्ह्यू रोड’ नावाचा रस्ता अजून आहे, आणि तलावाचे दर्शन घडविण्याची सर्व जबाबदारी आता त्या पाटीवर आहे. अशा या तलावाच्या पोटात राहणाऱ्या लोकांना उन्हाळ्यात पाणी लॉरीने विकत आणावे लागते. येथे तलाव होता, ‘तथापि’ पाणी नाही, असे म्हणावे, की येथील तलाव आटविला, ‘सबब’ पाणी नाही, असे म्हणावे, यावर सकाळी पनगल पार्कात फेऱ्या घालताना मी पुष्कळ चिंतन केले आहे. एकदा या चिंतनात फेऱ्यांची दिशा चुकून मी समोरून येणाऱ्या एका स्थूल गृहस्थांवर आदळलो. ते तमिळमध्ये जे काही बोलले त्याच्या आरंभी कोणताही जोडशब्द नव्हता, आणि तरीही आशय माझ्यापर्यंत पोहोचला.

आमच्या इमारतीच्या रहिवासी संघाची सभा गच्चीवर भरते आणि ती तमिळमध्ये चालते. आपले नाव कानी पडले की मान डोलवावी, एवढा शिष्टाचार मला अवगत होता. त्या शिष्टाचाराचे पालन करून पहिल्याच सभेतून खाली उतरलो तो मी सेक्रेटरी होऊनच. नियुक्तीचे कारण मागाहून समजले. साऱ्या इमारतीत शाईचे पेन बाळगणारा मी एकटा होतो, आणि ज्याच्याजवळ शाईचे पेन त्याच्याजवळ मजकूरही असणार, असा सभेचा सद्भाव होता.

या शहरातील इंग्रजी सूचनांचा एक ठरीव पहिला शब्द आहे, तो ‘काइंडली’. काइंडली गेटापुढे गाडी लावू नये, काइंडली जिन्यात थुंकू नये, काइंडली थकबाकी भरावी. थुंकणाऱ्याशीही इतक्या मार्दवाने बोलणारे दुसरे शहर माझ्या पाहण्यात नाही. मला मात्र तो शब्द निराधार वाटला. त्यात कारणमीमांसा नाही, पूर्वपीठिका नाही, अधिकाराची जाणीव नाही. उद्यापासून पाण्याची मोटर सकाळी सहास चालू होईल, एवढी सूचना फळ्यावर लावावयाची होती. मी कचेरीतील संस्कारांस स्मरून ती ‘व्हेअरॅज’ने सुरू केली, मध्ये आणखी काही व्हेअरॅज घातले आणि मोटर शेवटच्या ओळीत आणली. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या मजल्यावरील मामी सूचनेची नक्कल घेऊन मैलापुरातील वकील भाच्याकडे जाऊन आल्या होत्या, तळमजल्यावरील भाडेकरू खोकी बांधू लागला होता, आणि संघाचे अध्यक्ष माझ्या दारात उभे होते.

‘कोर्टात कोण गेले आहे?’ त्यांनी इंग्रजीत विचारले.

‘कोणीही नाही. मोटर सहाला चालू होईल, एवढेच म्हटले आहे.’

‘मग हे “व्हेअरॅज” कशासाठी?’

‘कारणे नमूद करावयाची होती.’

‘मोटर चालू करायला कारण लागत नाही, सार,’ ते म्हणाले, ‘बटण लागते.’

त्या रात्री फळ्यावर दुसरी सूचना लागली. ती ‘काइंडली’ने सुरू होत होती आणि तिच्यात पहिल्या सूचनेकडे दुर्लक्ष करण्याची विनंती होती.

माझ्या दुःखाचा खरा वाटेकरी या इमारतीत एकच, आणि ते म्हणजे वरच्या मजल्यावरील रायर. व्यंकोजीराजांच्या मागोमाग तंजावरास गेलेल्या मराठी ब्राह्मण घराण्यांना तमिळ मुलखात रायर म्हणतात, आणि आमच्या रायरांच्या घरी ती मराठी अद्याप नांदते आहे: घरात मराठी, दारात तमिळ आणि भांडणात इंग्रजी अशी त्यांची वहिवाट आहे. १८०३ साली सरफोजीराजांनी तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळावर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला, ही गोष्ट ते मला दर भेटीस अशा स्वरात सांगतात की जणू मी ती तहकूब ठेवण्याचा प्रयत्न केला होता. त्यांच्या पूर्वजांची काही मोडी पत्रे त्यांच्या पेटीत आहेत. त्यांतले एक माझ्यापुढे उलगडून त्यांनी मला विचारले, ‘राव, यात वाक्य कुठे सुरू होते ते दाखवा.’

मला दाखविता येईना. मोडी लिहिणारा हात उचलीत नसे; शब्दाशब्दांत अंतर सोडीत नसे; पूर्णविराम त्यास ठाऊक नव्हता. ओळीच्या माथ्यावर आधी रेघ ओढावयाची आणि तिच्याखाली मजकूर पागोळ्यांसारखा सोडून द्यावयाचा, असा तो प्रघात. अशा अखंड मजकुरात जुनी बात संपली आणि नवी लागली हे वाचणाऱ्यास कळावे कसे? त्याकरिता चिटणीस मंडळी ‘त्यास’, ‘ऐशास’, ‘तरी’, ‘उपरी’ असे शब्द मधून मधून उभे करीत. म्हणजे हे शब्द अलंकार नव्हते. ते विरामचिन्हांची नोकरी करीत होते. पुढे इंग्रजी अमदानीत मेजर कँडी यांनी १८५० साली विरामचिन्हांवर पुस्तक काढून मराठीस ठिपके, स्वल्पविराम आणि उद्गार यांची बाकायदा सनद दिली.

‘मग ठिपका आल्यावर “त्यास” आणि “ऐशास” यांना रजा का दिली नाही?’ रायरांनी पृच्छा केली.

रायर आयुष्यभर एका खाजगी पेढीत होते, म्हणून त्यांस असले प्रश्न पडतात. सरकारी कचेरीत नवी जागा निर्माण झाली म्हणून जुनी रद्द होत नाही. जुना इसम तेथेच बसून राहतो आणि कालांतराने त्याची बढती होते. ‘त्यास’चे ‘तथापि’ झाले, ‘ऐशास’चे ‘वस्तुतः’ झाले, एवढेच. आता वाक्य संपल्याची वर्दी ठिपका देतो आणि नवे सुरू झाल्याची वर्दी ‘तथापि’ देतो. मधल्या वाक्यात काय आहे याची चौकशी करण्यास कोणीच नेमलेला नाही.

पहिल्या शब्दाचा हा बडेजाव काही आजचा नव्हे, हेही मी रायरांच्या नजरेस आणून दिले. योगसूत्रे ‘अथ’ने सुरू होतात, ब्रह्मसूत्रेही ‘अथ’नेच, आणि ज्ञानेश्वर महाराजांनी नऊ हजारांच्या घरात ओव्या सांगून झाल्यावर पसायदान मागितले तेव्हा पहिला शब्द उच्चारला तो ‘आतां’. इतके सांगून झाल्यावर ‘आतां’ म्हणण्याचा अधिकार कोणीही मान्य करील. परंतु आमचे एक मामेसासरे पोस्टकार्डाच्या दुसऱ्याच ओळीत ‘आता’ लिहितात, आणि पहिल्या ओळीत तर केवळ गावाचे नाव आणि तिथी असते. पसायदानात ‘किंबहुना’ही आहे, त्या पुण्याईवर मी तो शब्द दुधाच्या हिशेबात वापरतो.

‘किंबहुना अर्धा लिटर जास्त,’ असे माझ्या वहीत वाचून आमच्या सौभाग्यवतीने कपाळावर हात मारला. ती माध्यमिक शाळेत मराठीची शिक्षिका होती, आणि मोरो केशव दामले यांचे १९११ सालचे शास्त्रीय मराठी व्याकरण तिच्या उशाशी असते. उभयान्वयी अव्ययांचे सर्व पोटभेद तिला मुखोद्गत आहेत: समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक, आणि त्यापुढे कारण, उद्देश, संकेत यांचे आणखी भेद. मंडईत जायला मी टाळाटाळ करू लागलो की ती माझे भाषण शांतपणे ऐकून घेते आणि निकाल देते, ‘अहो, तुमच्या बोलण्यात न्यूनत्वबोधक फार झाली. पण, परंतु, तरी, किंतु. परिणामबोधक एकही आले नाही. पिशवी घ्या आणि निघा.’

मी निघतो. ‘म्हणून’ हा परिणाम मला घरात वापरावा लागत नाही. तो माझ्यावर वापरला जातो.

इतक्या वर्षांच्या पत्रव्यवहारातून एक गोष्ट मात्र मी निश्चित शिकलो. मनुष्याची परीक्षा त्याच्या वाक्यांच्या पहिल्या शब्दावरून करावी. पुढचे शब्द सर्वांचे सारखेच असतात. आमच्या नात्यातील एक गृहस्थ ‘खरे सांगायचे तर’ म्हटल्यावाचून तोंड उघडीत नाहीत. ज्या वाक्यांमागे हे शब्द नसतात ती ऐकताना संशय येतो, आणि ज्यांच्यामागे असतात ती ऐकताना संशय फिटतो. दुसरे एक स्नेही ‘थोडक्यात सांगतो’ असे म्हणत घरात शिरले की सौभाग्यवती न विचारता कुकरात आणखी तांदूळ घालते. तिसरे एक निवृत्त प्राध्यापक प्रत्येक विधान ‘अर्थात’ने आरंभतात, आणि श्रोत्यांपैकी कोणालाही तो अर्थ आधी ठाऊक नसतो, मागाहूनही होत नाही. सोलापूरच्या आत्याबाईंच्या पत्रात पहिल्या चार ओळी खुशालीच्या, नंतर एकटे ‘असो’, आणि ‘असो’च्या पुढे तीन पाने, ज्यांत एका मुंजीत न मिळालेल्या लुगड्याचा फेरतपास सुरू होतो. कोशकारांच्या मते ‘असो’ने विषय मिटतो, आत्याबाईंच्या दफ्तरी तो तेथे दाखल होतो. गावाकडील बंधूंचे आवडते अव्यय ‘बाकी’. ‘बाकी सर्व क्षेम आहे. बाकी गोठ्याची भिंत पडली. बाकी म्हैस वाचली,’ असे त्यांचे पत्र आले म्हणजे क्षेम ज्यातून वजा केले ती मूळ रक्कम कोणती, याचा अदमास मला आजवर आलेला नाही.

जोडशब्दांच्या भूमीवर खरा पराक्रम मात्र वर निर्दिष्ट केलेल्या मामेसासऱ्यांचा. त्यांचे चुलते वारले तेव्हा सांत्वनास आलेल्या पत्रांची उत्तरे त्यांनी स्वहस्ते लिहिली. शाळेत त्यांच्या गुरुजींनी त्यांस पढविले होते की लागोपाठची दोन वाक्ये जोडल्यावाचून सोडणे हे असंस्कृतपणाचे लक्षण होय. त्या शिकवणीस जागून त्यांनी आम्हास कळविले, ‘आपले सांत्वनपर पत्र पावले. शिवाय आपण पाठविलेली आंब्यांची पेटीही पोहोचली. त्यामुळे काकांच्या जाण्याचे दुःख सर्वांस फारच गोड झाले. तसेच पुढच्या वेळीही आठवण ठेवावी.’ हे पत्र वाचून घरात शोक करावा की काय करावा याचा निर्णय होईना. त्या पत्रातील एकेक वाक्य घ्या; कशातही वावगे नाही. वावगे आहे ते वाक्यांच्या सांध्यांत.

तरुण पिढीने या जंजाळातून स्वतःस मोकळे करून घेतले आहे, असे म्हणावे तर तेही खरे नाही. चिरंजीव आणि त्यांचे कचेरीतील मित्र घरी आले म्हणजे प्रत्येक वाक्य ‘ॲक्चुअली’ने सुरू होते, मधल्या विश्रांतीस ‘बेसिकली’ येते आणि बोलणे ‘सो’ या अक्षरावर लटकत राहते. ‘सो’नंतर काही येईल म्हणून मी पुढे सरसावून बसतो, पण ते उठून जेवायला जातात. खुद्द टी. नगरच्या रहिवाशांनी या बाबतीत जी काटकसर साधली आहे ती मात्र अनुकरणीय आहे. त्यांनी शिवाय, तसेच, त्यानंतर, बरे, आणखी काय, या सर्वांच्या ऐवजी ‘अप्पुरम्’ हा एकच शब्द ठेवला आहे. मांबलम स्टेशनाकडून रंगनाथन स्ट्रीटमध्ये शिरलेली बाई एका हाताने पिशव्या आणि दुसऱ्याने कानाशी फोन धरून, माणसांच्या लोंढ्याबरोबर पायही न उचलता पुढे सरकत असते, आणि फोनवरील बातमी संपली की नुसते ‘अप्पुरम्?’ म्हणते, पलीकडून नवी बातमी येते, तीही संपली की पुन्हा ‘अप्पुरम्?’. उस्मान रोड येईपर्यंत एक लग्न ठरलेले असते. आमची सौभाग्यवती, जी मला ‘किंबहुना’साठी बोल लावते, तीच परवा फलटणच्या बहिणीस फोनवर सांगत होती, ‘अगं, मग त्यांनी मुलगी पाहिली, अप्पुरम् काय झालं…’ मी दामल्यांच्या पुस्तकाकडे बोट दाखविले. तिने दार लावून घेतले.

मजबद्दल इमारतीत थोडाबहुत आदर शिल्लक होता तो हिंदीमुळे. महात्माजींच्या पुढाकाराने १९१८ साली सुरू झालेल्या दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेचे ठाणे आमच्या टी. नगरातच आहे, आणि प्राथमिक, मध्यमा, राष्ट्रभाषा अशा पायऱ्या चढत जाणारी मुले येथे घरोघरी आढळतात. विंध्याच्या पलीकडून आलेला, म्हणजे त्यास हिंदी येणारच, असा येथील समज आहे. सातारा विंध्याच्या अलीकडे आहे हा खुलासा मी केला नाही. तिसऱ्या मजल्यावरील एक चुणचुणीत मुलगी गाईवरचा निबंध तपासावयास घेऊन आली. निबंधातील प्रत्येक वाक्य ‘गाय’ या शब्दाने सुरू होत होते. गाय पाळीव आहे. गाय चार पायांची आहे. गाय दूध देते. गाय गवत खाते. एवढ्या सुट्या गाई मोकाट सोडणे माझ्या जिवावर आले. मी तीस समोर बसवून ‘यद्यपि’, ‘तथापि’, ‘अतः’, ‘परिणामतः’ यांचे दावे त्या कळपास लावून दिले. सायंकाळी ती परत आली.

‘तात्ता,’ ती म्हणाली, ‘तुम्ही लिहिलं आहे की यद्यपि गाईला चार पाय असतात, तथापि ती दूध देते. चार पाय असले तर दूध द्यायला अडचण येते का?’

‘तसे नव्हे. ते वाक्य जोडले आहे.’

‘आणि परिणामतः ती गवत खाते. म्हणजे दूध देऊन भूक लागते म्हणून?’

मी पेनास टोपण लावले. तिने घरी जाऊन सुट्या गाईच परीक्षेत सोडल्या आणि ती उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. पेढ्यांचा बशीभर वाटा आम्हास मिळाला. पाऊस मंजूर करविल्याबद्दल मिळाले होते त्यापेक्षा हे पेढे, खरे सांगायचे तर, कमी गोड लागले.

सेक्रेटरीपदाच्या अखेरचा प्रसंग उन्हाळ्यातला. बोअरिंगचे पाणी आटले, तळाशी असलेल्या ‘संप’ नावाच्या टाकीत हात घातला तर कोरडा बाहेर येऊ लागला, आणि पाण्याच्या लॉरीसाठी संबंधितांकडे सेक्रेटरीच्या सहीचा अर्ज पाठवावा असा गच्चीवर ठराव झाला. प्रश्न आरंभाचा होता. ‘ज्याअर्थी’ची वाट व्हेअरॅजच्या प्रकरणाने बंद झालेली होती. ‘काइंडली’ने तहान पुरेशी व्यक्त होत नव्हती. ‘सबब’ने सुरुवात करावी तर आधी काही घडलेले असावे लागते, आणि ‘तथापि’ने करावी तर कोणी काही आश्वासन दिलेले असावे लागते; आश्वासन तर दूरच, आमचे अस्तित्वही तेथे कोणाच्या ध्यानी नव्हते. रायर मसलतीस येऊन बसले. त्यांनी तंजावरी बाज सुचविला: आरंभी कुशल, मग ‘उपरी’, मग पाणी. अध्यक्षांनी मधूनच डोकावून ‘झाले का?’ असे विचारले. सौभाग्यवतीने स्वयंपाकघरातून रिकाम्या घागरीचा आवाज केला, जो परिणामबोधक होता. मी ‘वस्तुतः’ लिहिले, खोडले, ‘मुळात’ लिहिले, खोडले, आणि मूळ तलावाचा इतिहास देऊन अर्जास पीठिका द्यावी की काय या विचारात होतो, तेवढ्यात गेटावरचा वॉचमन खिशातून आपला जुना फोन काढून कोणाशी तरी बोलला.

‘तण्णी इल्ले, सार. लॉरी अनुप्पुंग.’

पाणी नाही, लॉरी पाठवा, एवढेच तो म्हणाला. पहिल्या वाक्याचे दुसऱ्याशी नाते काय, ते कारणाचे आहे, विरोधाचे आहे की निव्वळ शेजाराचे, याबद्दल त्याने अवाक्षर काढले नाही. दिवस मावळायच्या आत लॉरी गेटाशी उभी राहिली, नळी संपात उतरली आणि पाणी पडू लागल्याचा आवाज माझ्या टेबलापर्यंत आला. त्या वेळी माझ्यापुढील कागदावर एकच शब्द न खोडलेला होता, आणि तो म्हणजे ‘प्रति’. पुढील सभेत वॉचमनला सेक्रेटरी करण्याची सूचना आली. तो मजपेक्षा जास्त पगार घेतो, एवढ्याच तांत्रिक कारणास्तव ती बारगळली.

त्याच आठवड्यात मी बाहेरून घरी आलो तो दारास कुलूप, आणि कुलपात खोचलेली सौभाग्यवतीची चिठ्ठी. तिच्यात लिहिले होते, ‘दूध नाही. रायर आले होते. किल्ली खाली.’ व्याकरणाचा ग्रंथ उशाशी घेऊन निजणाऱ्या बाईने तीन वाक्ये लिहावी आणि त्यांत एकही उभयान्वयी असू नये, याचा मला क्षणभर विस्मय वाटला. परंतु वाचता वाचताच मला सर्व वृत्तांत कळला: रायर नेहमीप्रमाणे सरफोजीराजांपासून आरंभ करून दोन डबरे फिल्टर कॉफी पिऊन गेले, त्यामुळे दूध संपले, म्हणून ती दूध आणावयास बाहेर पडली, सबब किल्ली वॉचमनपाशी आहे, आणि तथापि या सर्वांबद्दल तिला जे वाटते ते ती परत आल्यावर मला तोंडी ऐकावयाचे आहे. त्यामुळे, म्हणून, सबब, तथापि, सारे जागच्या जागी होते. ते तिने लिहिले नव्हते. मी वाचताना घातले होते, आणि एकही चुकला नव्हता.

वाचकहो, जी वाक्ये एकमेकांची असतात त्यांना जोडावे लागत नाही, आणि जी नसतात ती ‘किंबहुना’ने बांधली तरी पहिल्या वळणावर सुटतात. तेव्हा आपल्या व्याह्यांस, बँकेस, सोसायटीस किंवा धाकट्या बंधूंस काही कळवायचे असेल, तर सरळ कळवून टाका. मधले शब्द ती मंडळी आपापले घालून घेतील, आणि ते आपण शोधलेल्या शब्दांपेक्षा बहुधा बरे असतील. अपवाद फक्त सरकारी कागदाचा. तेथे ‘ज्याअर्थी’ जरूर लिहा, कारण तो काढल्यास पुष्कळदा कागदावर तारीख आणि सही एवढेच शिल्लक राहते.